कॅमेऱ्याला पाठ नसते तेव्हा

खिद्रापूरला कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात साधा कॅमेरा घेऊन गेलेल्या माणसाची पंचाईत ठरलेली. वर छतात सुमारे १३ फूट व्यासाची गोल मोकळी जागा, तिच्यातून थेट आभाळ. बरोबर खाली तेवढीच गोल शिळा. शिळेच्या कडेने १२ खांब, त्यांच्यामागे आणखी, सगळे मिळून ४८. कॅमेरा वर केला की खांब सुटतात, खांब धरले की आभाळ जातं आणि सगळंच हवं म्हणून मागे मागे सरकावं तर माणूस मंडपाबाहेर पडतो. शिलाहारांच्या काळातल्या या कारागिरांनी मंडप बांधला तो मधोमध उभं राहून, स्वतःभोवती फिरत आणि मान वर करून पाहण्यासाठी. त्याला चौकट मानवतच नाही. अशा जागा पडद्यावर आणणारी सॉफ्टवेअर गेल्या तीस वर्षांत आली, काही गेलीही. हे प्रकरण त्यांचं.

चौकट काढून टाकायची हौस मात्र संगणकाहून खूप जुनी. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ साली तिचं पेटंट घेतलं आणि पुढे लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्यासाठी खास गोल इमारत उभारली. आतल्या भिंतीवर सलग वर्तुळाकार चित्र. प्रेक्षकाने अंधाऱ्या बोळातून यायचं ते एकदम मधल्या चौथऱ्यावर. आपल्याकडे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत होते. पडद्यावरच्या दालनातली खांबांची रांग आत आत जाताना दिसावी, हे त्यातलं कसब. पण हा भास पुरता उतरायचा तो नाट्यगृहाच्या मध्यावर बसलेल्यालाच. कडेच्या खुर्चीवरून तेच खांब कललेले दिसणार. खोली दाखवणाऱ्या प्रत्येक चित्राला पाहण्याची एक बरोबर जागा असते. बार्करने प्रेक्षकालाच उचलून त्या जागेवर उभं केलं. संगणकाने पुढे केलं तेही तेच, फक्त चौथऱ्याऐवजी हातात माउस दिला.

हे काम घराघरातल्या संगणकावर आणलं ते अ‍ॅपलच्या क्विकटाइम व्हीआरने, १९९५ साली. त्या काळच्या संगणकांना एखादं दालन गणिताने रेखून, त्यावर उजेड-सावली चढवून, माउसच्या वेगाने फिरवून दाखवणं झेपत नव्हतं. अ‍ॅपलमधल्या शेनचँग एरिक चेन यांनी वेगळी वाट काढली. दालन रेखायचंच कशाला? एका जागी कॅमेरा फिरवून फोटो घ्या, ते जोडून पट्टी करा, पट्टी नळकांड्यासारखी गुंडाळा आणि बघणाऱ्याला नळकांड्याच्या आत बसवा. तो वळेल तेवढाच तुकडा संगणकाने सरळ करून दाखवायचा. सरळ करायचा, कारण गोल पट्टीवरच्या आडव्या रेषा सपाट पडद्यावर धनुष्यासारख्या वाकतात. हा वाक दर क्षणी काढत राहणं, एवढं एकच अवघड काम संगणकाकडे उरलं. या फाइलला मूव्ही म्हणायचे. आत हलत काहीच नव्हतं, हलायचा तो बघणारा. पण फाइल क्विकटाइमची म्हणून ती मूव्ही.

त्याच सॉफ्टवेअरमध्ये दुसरा एक प्रकार होता, वस्तूचा. इथे कॅमेरा जागचा हलत नाही, वस्तू फिरते. कोल्हापुरी चप्पल फिरत्या पाटावर ठेवून दर १० अंशांनी एक असे ३६ फोटो घ्या. माउस ओढला की एकामागून एक फोटो पुढे येतात आणि चप्पल हातात घेऊन फिरवल्यासारखी वाटते. आज खरेदीच्या संकेतस्थळांवर बूट नि मोबाइल असे फिरताना दिसतात, त्यामागे हीच साधी युक्ती आहे. तिच्यावर जास्त शाई घालवायचं कारण नाही.

खरी गंमत जोडणीत आहे. पन्हाळ्यावर तीन दरवाजापाशी एक गोल चित्र घेतलं, जवळच्या अंधारबावीपाशी दुसरं. पहिल्या चित्रात बावीच्या दिशेला एक अदृश्य ठिकाण ठरवून द्यायचं, त्याला हॉटस्पॉट म्हणतात. त्यावर टिचकी मारली की बघणारा दुसऱ्या चित्रात जातो. अशी पंधरा-वीस चित्रं जोडली की गड घरबसल्या हिंडता येतो. पण इथे नवशिके हमखास एक गोष्ट विसरतात. तीन दरवाजापाशी मी उत्तरेकडे तोंड करून टिचकी मारली, तर अंधारबावीपाशी पोचल्यावरही माझं तोंड उत्तरेकडेच असायला हवं. तसं नसेल तर बघणाऱ्याला दरवेळी कोणी डोळे बांधून गरकन फिरवल्यासारखं होतं आणि दोन-चार टिचक्यांत तो कंटाळून बाहेर पडतो. म्हणून प्रत्येक चित्राची उत्तर दिशा सॉफ्टवेअरला सांगून ठेवावी लागते. फोटो घेताना होकायंत्र पाहून एका चिटोऱ्यावर टिपून ठेवलं तर हे काम मिनिटाचं. नाहीतर घरी आल्यावर सावल्यांवरून दिशा शोधत बसायचं.

आता फोटो एकमेकांना जोडण्याकडे येऊ. याला सगळेच स्टिचिंग म्हणतात. पाहणाऱ्याला वाटतं, शेजारच्या दोन फोटोंच्या कडा जुळवल्या की झालं. रंकाळ्याच्या काठावरून समोरचा देखावा घेतला तर होतंही तसंच, कारण सगळं लांब आहे. स्वर्गमंडपात होत नाही. डोळ्यांसमोर बोट धरून एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटून पाहा: बोट मागच्या भिंतीवर सरकतं. कॅमेरा ट्रायपॉडवर फिरवताना असंच घडतं. ट्रायपॉडचा स्क्रू कॅमेऱ्याच्या बुडात असतो आणि प्रकाशकिरण जिथे एकवटतात ती जागा असते पुढे, लेन्सच्या आत. त्यामुळे कॅमेरा फिरला की लेन्सची ही जागाही वर्तुळात सरकते.

किती फरक पडतो, तो हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. ही जागा फिरण्याच्या आसापासून ५ सेंटिमीटर पुढे आहे असं धरू आणि दर ६० अंशांना एक असे सहा फोटो घेऊ. दोन फोटोंच्या मध्ये लेन्सही बरोबर ५ सेंटिमीटर सरकते. शिळेच्या मध्यावरून जवळचा खांब साधारण २ मीटरवर, त्याच्यामागचं कोरीवकाम समजा ६ मीटरवर. दोहोंच्या सापेक्ष जागेत जवळजवळ एक अंशाचा फरक पडतो. तयार चित्र १०,००० पिक्सेल रुंद करायचं असेल तर एक अंश म्हणजे २८ पिक्सेल. खांबाची कड जुळवली तर मागची नक्षी पंचवीसेक पिक्सेलांनी तुटते, नक्षी जुळवली तर खांब तुटतो. हे तुटणं कुठलंही सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे सांधू शकत नाही. फार तर लपवतं.

यावर उपाय सॉफ्टवेअरचा नाही, लोखंडाचा आहे; खरं तर अ‍ॅल्युमिनियमचा. ट्रायपॉडवर बसणारा एक कोनी हात, ज्यावर कॅमेरा मागे-पुढे सरकवून लेन्समधली ती जागा नेमकी फिरण्याच्या आसावर आणता येते, आणि खाली ६०-६० अंशांवर खटकन अडकणारी चकती. याला पॅनो हेड म्हणतात. बाजारात ती महाग मिळतात, आणि कोल्हापूरच्या माणसाने ती विकत का घ्यावीत हे मला कळत नाही. उद्यमनगरात एकाहून एक टर्नर आणि फिटर बसलेले आहेत. वाहनांच्या इंजिनांचे नि पंपांचे भाग मायक्रॉनमध्ये मोजून काढणाऱ्यांना हा जॉब म्हणजे हातचा मळ. याच गावात बाबूराव पेंटरांनी १९१८च्या सुमारास सहकाऱ्यांना घेऊन स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा बनवला. आनंदराव त्याच खटपटीत असताना १९१६ साली वारले होते. त्या देशी कॅमेऱ्याच्या बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनीची चित्रं निघाली, १९२०ची ‘सैरंध्री’ त्यातलीच. त्यांच्या मानाने कोनी पट्टी आणि दाते पाडलेली चकती ही फारच सोपी मागणी आहे.

फोटो नीट घेतले की सॉफ्टवेअरची पाळी. शेजारच्या दोन फोटोंत एकतृतीयांश भाग तरी समान हवा. त्या भागात दोन्हीकडे दिसणारे तेच ते ठिपके शोधायचे: दगडाचा टवका, नक्षीचं टोक, भिंतीवरचा डाग. आधी हे काम माणूस एकेक टिचकी मारून करत असे. कॅनडातले डेव्हिड लो यांनी १९९९ साली एक पद्धत मांडली, जिच्यामुळे संगणक फोटोतल्या प्रत्येक ठळक ठिपक्याचं असं वर्णन लिहून ठेवतो की फोटो वळला, लहान-मोठा झाला तरी तो ठिपका ओळखू यावा. त्यांच्याच गटातल्या मॅथ्यू ब्राउन यांच्यासोबत २००३मध्ये पुढची मजल गाठली गेली: फोटोंचा नुसता ढीग द्या, त्यातले कुठले एकमेकांशेजारचे हे संगणकच शोधेल.

स्वर्गमंडप मात्र या हुशारीला चकवतो. खांबांवर गोल कंगोऱ्यांचे तेच ते थर, आणि एकसारखे खांब वर्तुळात उभे. संगणकाला तिसरा खांब आणि पाचवा खांब यांत फरक करण्याचं कारण सापडत नाही. तो बिनदिक्कत दोघांचे ठिपके जोडतो आणि चित्रातला मंडप एका बाजूने आकसतो. अशा चुकीच्या जोड्या गाळायच्या चाळण्या सॉफ्टवेअरमध्ये असतात, पण चुका बहुमतात गेल्या की चाळणीही फसते. मग माणसाला बसून एकेक जोडी तपासावी लागते. त्या वेळी उपयोगी पडतात ते तुटके कोपरे, शेंदराचे ओघळ, ओलीचे डाग. अखंड सुबक भाग काही कामाचा नाही.

उजेडाची गोष्ट आणखी वेगळी. वरच्या गोलातून भरदुपारी येणारा प्रकाश आणि सभामंडपातला काळोख एका एक्स्पोजरमध्ये मावत नाहीत. म्हणून प्रत्येक दिशेला कमी-जास्त उजेडाचे पाच फोटो घ्यायचे आणि नंतर एकत्र करायचे. सहा दिशा, एक आभाळ, एक जमीन. आठ पंचे चाळीस. हे भराभर उरकावं लागतं, कारण खाली पडलेला उन्हाचा गोल थांबत नाही. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. छत ४ मीटर उंच धरलं तर उन्हाची कड मिनिटाला पावणेदोन सेंटिमीटर चालते. दहा मिनिटं रेंगाळलात तर पहिल्या आणि शेवटच्या फोटोत वीतभर फरक, आणि चित्रात शिळेवर अर्धवट दोन कडा.

शेवटी राहतात ट्रायपॉडचे पाय. ते पुसायला ट्रायपॉड हलवून जमिनीचा वेगळा फोटो घ्यायचा आणि त्या भोकात बसवायचा. हे कष्ट टाळण्यासाठी अनेकजण तिथे स्वतःच्या नावाची गोल चकती चिकटवतात. मंगल कार्यालयाच्या चित्रात चालेल. कोपेश्वराच्या शिळेवर छायाचित्रकाराचं नाव आणि मोबाइल नंबर हा मला सरळ सरळ कोडगेपणा वाटतो.

इथवर झाली स्थिर चित्रं. खरोखर हलणारा गोल सिनेमा २०१५पासून लोकांच्या आवाक्यात आला. यूट्यूबने त्याच वर्षी असे व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. पाठीला पाठ लावलेल्या दोन फिशआय लेन्सचा, मुठीत मावणारा कॅमेरा आता लग्नातही दिसतो. त्याच्या खोक्यावर ५.७के लिहिलेलं असतं आणि माणूस भुलतो. पण हे ५,७६० पिक्सेल सगळ्या ३६० अंशांत वाटले जातात. अंशाला आले १६. हेडसेटमध्ये एका वेळी ९० अंश दिसतात असं धरलं तर वाट्याला फक्त १,४४० पिक्सेल. चांगली नजर अंशाला ६० पर्यंत बारकावे ओळखते. तिचं समाधान करायचं तर चित्र हवं २१,६०० गुणिले १०,८००, म्हणजे प्रत्येक फ्रेमला २३ कोटींहून जास्त पिक्सेल. व्हीआर सिनेमा धुरकट का दिसतो, याचं उत्तर या भागाकारात आहे. दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही.

त्याहून मोठी अडचण दिग्दर्शकाची. कोल्हापूरच्या सिनेमाने, महाराष्ट्र फिल्म कंपनीपासून १९२९ साली इथेच सुरू झालेल्या प्रभातपर्यंत, चौकटीत काय घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं यातूनच आपली भाषा घडवली. गोल सिनेमात बाहेर काही उरतच नाही. दिवे, माइक, सहायक, चहावाला सगळे आत. क्लोजअप नाही, कारण जवळ जायचं की नाही हे प्रेक्षकाच्या हातात. आणि ऐन प्रसंगी प्रेक्षक पाठमोरा असू शकतो.

अंबाबाईच्या किरणोत्सवाचं उदाहरण घेऊ. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून शिरतात, गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी पूर्ण मूर्ती, असा क्रम मानला जातो. ढग आडवे आले नाहीत तर. गाभाऱ्यात कॅमेरा चालत नाही, तेव्हा गरुड मंडपातून असा प्रसंग चित्रित करायचा आहे असं नुसतं कल्पून पाहू. एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला देवी, मधून सरकणारा उजेड. प्रेक्षकाला बाण दाखवून ‘इकडे पाहा’ सांगणारी सॉफ्टवेअर आहेत, पण देवळात तो बाण कोणाला सहन होईल? त्यापेक्षा गर्दी कामाला येते. सगळे चेहरे एकीकडे लागलेले दिसले की बघणारा आपोआप तिकडे वळतो. मग आवाज: घंटा उजवीकडून वाजली तर मान उजवीकडे जाते. आजची संपादनाची सॉफ्टवेअर आवाजाला दिशा देऊ शकतात, प्रेक्षकाने मान वळवली तरी घंटा आपल्या जागीच वाजत राहते. माझ्या मते गोल सिनेमाचं निम्मं दिग्दर्शन कानातून होतं, आणि आपल्याकडची मंडळी त्यावर सर्वांत कमी पैसा घालतात.

आता सॉफ्टवेअरच्या आयुष्याबद्दल. अ‍ॅपलने १९९७ साली खास पॅनोरमा जोडायचं सॉफ्टवेअर काढलं, आणि बारा वर्षांत, २००९च्या नव्या क्विकटाइममधून गोल मूव्हीचा प्रकारच वगळला. विंडोजवरचं क्विकटाइम २०१६मध्ये मिटलं. मधल्या काळात अनेकांनी आपली चित्रं फ्लॅशमध्ये नेली. २०२० संपता संपता फ्लॅश संपलं. जावावर चालणारे दर्शक ब्राउझरांनी बंद केले. फ्रान्समधलं ऑटोपॅनो फार चांगलं होतं. ते बनवणारी कंपनी गोप्रोने २०१५मध्ये विकत घेतली आणि २०१८मध्ये गुंडाळली. पदरचे पैसे मोजून त्यावर हात बसवलेले छायाचित्रकार उघड्यावर पडले.

याउलट जर्मनीतले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक हेल्मुट डेर्श यांनी १९९८ साली पॅनोरमा टूल्स नावाचा संच फुकट देऊन टाकला. दिसायला अगदी ओबडधोबड. बटणं नव्हती, हुकूम लिहून द्यावे लागत. फिशआयच्या पेटंटवर हक्क सांगणाऱ्या एका कंपनीने त्यांना कायद्याचा धाक घातला आणि त्यांना हात आखडता घ्यावा लागला. पण मूळ कोड खुल्या परवान्यावर होता. तो इतरांनी उचलला. हगिन हे आजचं फुकट सॉफ्टवेअर थेट त्याच घराण्यातलं, आणि विकत मिळणारं पीटीगुईही सुरुवातीला त्याच संचाचा दर्शनी भाग म्हणून जन्मलं. हगिनने साठवलेली फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. एक ओळ एका फोटोची: तो किती वळला, किती कलला, लेन्सचा कोन किती. पुढे ओळीमागून ओळी ठिपक्यांच्या जोड्यांच्या: या फोटोतला हा ठिपका म्हणजे त्या फोटोतला तो. सॉफ्टवेअर उद्या नाहीसं झालं तरी या आकड्यांवरून कोणीही चित्र पुन्हा जोडू शकेल, मूळ फोटो जपले असतील तर. मूळ फोटो टाकून तयार टूर तेवढी ठेवणारे मात्र क्विकटाइमवाल्यांच्याच पंगतीला बसणार.

कोल्हापूरला हे सांगण्याला कारण आहे. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. अशी वास्तू पुन्हा बांधताना जुनं दालन कसं होतं हे दाखवणारी प्रत्येक नोंद मोलाची ठरते. पॅरिसच्या नोत्र दामला २०१९ साली आग लागली तेव्हा अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकाराने काही वर्षांपूर्वी केलेलं लेझर मोजमाप हाताशी होतं. पन्नासाहून अधिक ठिकाणी यंत्र ठेवून त्यांनी कोट्यवधी बिंदू मोजले होते आणि त्याच ठिकाणांहून गोल छायाचित्रंही घेतली होती. टॅलन स्वतः आगीच्या काही महिने आधीच वारले होते.

लेझर महाग. गोल चित्र स्वस्त, पण त्यात एक उणीव: एका जागेवरून घेतलेल्या चित्रात प्रत्येक वस्तूची दिशा कळते, अंतर कळत नाही. रंगमंचाची कमान १० मीटरवर आहे की १५, हे ते सांगू शकत नाही. दोन जागांवरून घेतली आणि त्या दोन जागांमधलं अंतर फितीने मोजून ठेवलं, तर मात्र त्रिकोण सुटतो आणि सगळ्या दालनाची मापं हाती येतात. खर्च दुसऱ्या चाळीस फोटोंचा आणि एका मोजपट्टीचा. २०२३पासून चर्चेत असलेली गॉसियन स्प्लॅटिंगची पद्धत हेच तत्त्व पुढे नेते. शेकडो जागांवरून फोटो घ्या, संगणक त्यातून रंगीत, धूसर ठिपक्यांचा ढग रचतो, आणि बघणारा एका बिंदूला खिळून न राहता खांबाला वळसा घालून मागे जाऊ शकतो. स्वर्गमंडपासाठी याहून योग्य पद्धत सध्या तरी नाही. तेवढ्या जागांवर कॅमेरा स्थिर टेकवायचा, तर काम आधी पुरातत्त्व खात्याकडे ट्रायपॉडच्या परवानगीचा अर्ज करण्यापासून सुरू होतं.